न्यू जर्सीतलं स्प्रिंग यार्डवर्क: घाईघाईत होणाऱ्या या चुका टाळा, पैसे वाचतील

मार्चच्या शेवटी एखादा शनिवार अचानक ६५ डिग्रीचा निघतो आणि मग काय, अर्धं गाव होम डेपोच्या पार्किंगमध्ये. ट्रॉलीत मल्चच्या (वाफ्यावर पसरायच्या लाकडाच्या सालीच्या) गोण्या, ग्रास सीड, खत, टोमॅटोची रोपं, सगळं एकदमच. गंमत म्हणजे घेतलेली वस्तू बहुतेक वेळा बरोबरच असते, महिना चुकतो, आणि तिथेच पैसे जातात. खालचं सगळं सेंट्रल जर्सी धरून लिहिलंय, बॉस्टनकडच्यांनी दोनेक आठवडे पुढे ढकला.

बी आणि क्रॅबग्रास प्रिव्हेंटर एकाच वेळी टाकणं

ही सगळ्यात महागातली चूक. प्रिव्हेंटरचं कामच मुळी बी रुजू न देणं, त्याला क्रॅबग्रास या तणाचं बी कुठलं आणि तुम्ही डॉलर मोजून आणलेलं कुठलं हे कळत नाही. त्याचा असर दोन-तीन महिने राहतो, आणि मग मे मध्ये लोक म्हणतात की बी खराब निघालं. मेसोट्रायोन किंवा सिड्युरॉन हे रसायन असलेले प्रिव्हेंटर बियांसोबत चालतात, पण ते पॅकवर नीट वाचून घ्या. माझं मत विचाराल तर स्प्रिंगला बी टाकूच नका, जास्तीत जास्त दारासमोर मोठं टक्कल पडलं असेल तर तेवढ्यापुरतं. लॉनसाठी खरी वेळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, माती गरम असते, हवा थंड होत जाते आणि तणाचा जोर संपलेला असतो. स्प्रिंगमध्ये रुजलेलं कोवळं गवत जुलैच्या उन्हात जळतं आणि ते वाचवायला पाण्याचं बिल वाढतं ते वेगळंच.

प्रिव्हेंटर कधी टाकायचं? मातीचं तापमान सलग काही दिवस ५५ फॅरनहाइटच्या आसपास राहिलं की क्रॅबग्रास रुजायला लागतं, त्याच्या जरा आधी. मातीत थर्मामीटर खुपसायचा नसेल तर शेजारपाजारची फॉर्सिथियाची पिवळी झुडपं बघा, ती फुलली की टाका, फुलं गळून पानं आली म्हणजे उशीर व्हायला लागला. आणि टाकल्यावर पाणी द्यायलाच हवं किंवा पावसाच्या आदल्या दिवशी टाका, नुसतं वर पडून राहिलं तर उपयोग शून्य.

माती न तपासता खत

न्यू जर्सीचा २०११चा खताचा कायदा बऱ्याच जणांना माहीतच नसतो. सॉइल टेस्टमध्ये गरज दिसल्याशिवाय लॉनवर फॉस्फरस टाकता येत नाही, नवीन लॉन लावताना वगैरे काही अपवाद सोडून, आणि घरमालकांनी १५ नोव्हेंबर ते १ मार्च खत टाकायचंच नाही. रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लॅबला मातीचं सॅम्पल पाठवता येतं, रिपोर्टमध्ये पीएच किती, लाइम (म्हणजे चुन्याची पूड) टाकायचं का, किती, सगळं येतं. शेजारी टाकतो म्हणून दरवर्षी लाइम टाकणारे आपल्यात कमी नाहीत. आणि एप्रिलमध्ये भसाभसा नायट्रोजन दिला की गवत इतकं वाढतं की आठवड्यातून दोनदा मॉवर काढावा लागतो, म्हणजे खताचे पैसे गेले आणि रविवारही गेला. गवत ३ इंचांच्या आसपास ठेवा, एका वेळी एक तृतीयांशपेक्षा जास्त कापू नका आणि कापलेलं तिथेच पडू द्या, ते फुकटचं खत आहे, पिशव्या भरत बसू नका.

मल्च: आधी हिशोब, मग गोण्या

२० बाय ५ फुटांच्या वाफ्यावर ३ इंच थर द्यायचा तर २५ घनफूट मल्च लागतं, म्हणजे २ घनफुटाच्या साधारण १३ गोण्या. पण मागच्या वर्षीचं २ इंच शिल्लक असेल तर फक्त वरखाली करा आणि इंचभर नवीन घाला, गोण्या ४-५ वरच भागतं. बऱ्याच टाउनशिप रहिवाशांना वुडचिप्स किंवा पानांचं कंपोस्ट फुकट नाहीतर अगदी स्वस्तात देतात, टाउनच्या रिसायकलिंग विभागाला आधी विचारा. झाडाच्या बुंध्याला मल्चचा डोंगर रचलेला तर प्रत्येक गल्लीत दिसतो, पैसे घेणारे लँडस्केपरसुद्धा तेच करतात! त्याने साल कुजते, उंदीर आत शिरतात. बुंध्यापासून काही इंच जागा मोकळी सोडा.

हायड्रेंजियाला फुलं का येत नाहीत?

बहुतेक वेळा कारण कात्री. मोठ्या पानांची निळी-गुलाबी हायड्रेंजिया मागच्या वर्षीच्या काड्यांवरच फुलते, एप्रिलमध्ये साफसफाई म्हणून छाटलीत तर वर्षभर नुसती पानं बघा. अझेलिया, लायलॅक, फॉर्सिथिया यांचंही तेच, फुलं झाल्यावर छाटा. पांढऱ्या शंकूसारख्या तुऱ्यांची पॅनिकल जात मात्र नव्या फुटीवर फुलते, ती आत्ता छाटलेली चालते. न छाटताही फुलं नसतील तर कळ्या थंडीने गेल्या असणार.

आपल्या भाज्या

आई-बाबा एप्रिलमध्ये येतात आणि जेट लॅग उतरायच्या आत बाबा विचारतात, फावडं कुठंय. त्यांना जरा थांबवा. मूठभर माती दाबून लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर फुटला नाही तर माती अजून ओली आहे, खणलीत तर सुकल्यावर दगडासारखी ढेकळं होतात. तोवर माती सुकेल तिथे मेथी, कोथिंबीर, पालक, मटार पेरून घ्या, यांना थंडी चालते. मेथीसाठी बियांचं पाकीट कशाला, डब्यातली मेथी छान उगवते, धने मात्र जरा रगडून दोन भाग करून टाका. भेंडी, दुधी, कारलं, गवार यांना गरम माती लागते, मे संपत आल्यावरच पेरा, आधी पेरलेली भेंडी जमिनीतच कुजते आणि परत बी आणायला लागतं. टोमॅटोची रोपं मदर्स डेच्या आधी बाहेर लावू नका.

आणि घरात ठेवलेला कढीपत्ता निष्पर्ण झाला म्हणून फेकू नका! नखाने खोड खरवडा, आत हिरवं असेल तर तो जिवंत आहे, फक्त पाणी कमी करा, झोपलेल्या कढीपत्त्याला जास्त पाणी घालूनच मारतात लोक. रात्रीचं तापमान ५०च्या वर टिकायला लागलं की बाहेर काढा, पण पहिला आठवडा सावलीत, थेट उन्हात ठेवलात तर पानं भाजतात.

मॉवर आणि खोदकाम

मॉवर सुरू होत नसेल तर दुकानात नेण्याआधी टाकीतलं मागच्या वर्षीचं पेट्रोल काढून ताजं भरा, स्पार्क प्लग बदला, बऱ्याचदा तेवढ्यावरच काम होतं. झाड किंवा कुंपणाचा खांब लावायचा असेल तर ८११ ला फोन करा, गॅस आणि केबलच्या लाइन फुकटात मार्क करून देतात, तीन वर्किंग डे आधी सांगावं लागतं, त्यामुळे शनिवारी खणायचं असेल तर सोमवारीच फोन करून टाका.