बारा फुटांचं टिन तेरा फुटांचं निघतं: स्केचअपमध्ये अंतर, कोन आणि क्षेत्रफळ कसं मोजायचं

नागपूरच्या सक्करदऱ्यात आमच्या मामांनी गच्चीवर टिनाचं शेड टाकायला घेतलं. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायच्या आत काम उरकायचं होतं, म्हणून त्यांनी खाली स्लॅबवरच टेप लावला: लांबी 20 फूट, रुंदी 12. टिनं आली, वर चढली, आणि खालच्या कडेला फूटभर उघडंच राहिलं. "काहून रे, माप तर बरोबर घेतलं होतं!" माप बरोबरच होतं, पण ते स्लॅबचं होतं, उताराचं नव्हतं. भिंतीकडची बाजू 5 फूट वर होती. पाया 12, उंची 5, मग कर्ण 13. छप्पर 240 नाही, 260 चौरस फुटांचं.

हेच शेड स्केचअपमध्ये, म्हणजे थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, काढलेलं आहे असं धरू आणि त्यावर मोजू.

आधी एकक. विंडो मेनूतून मॉडेल इन्फो उघडा आणि युनिट्समध्ये फूट-इंच निवडा. टिनवाला, गवंडी, वेल्डर, सगळे फुटातच बोलतात. नव्या आवृत्त्यांत क्षेत्रफळाचं एकक वेगळं निवडता येतं, ते चौरस फूट ठेवा. तिथेच अचूकताही ठरते. आकड्याआधी ~ दिसलं तर तो आकडा जवळच्या मापाला आणलेला आहे असं समजा.

आता अंतर. टी दाबलं की टेप मेझर हातात येतो. उताराच्या खालच्या कोपऱ्यावर एक क्लिक, त्याच कडेच्या वरच्या टोकावर दुसरी. खाली उजवीकडच्या बॉक्समध्ये 13 फूट येतील.

चूक बहुतेक इथेच होते. स्क्रीन सपाट आहे, त्यामुळे वरून पाहताना छपराचं टोक आणि त्याच्या मागची फरशी एकाच जागी दिसतात. तुम्ही टोकावर म्हणून क्लिक करता आणि टेप फरशीला चिकटतो. म्हणजे पुन्हा मामांचंच माप. म्हणून क्लिक करण्याआधी कर्सरपाशी दिसणाऱ्या ठिपक्याचा रंग बघा. हिरवा म्हणजे कडेचं टोक, लाल म्हणजे कडेवर कुठेतरी, निळा म्हणजे पृष्ठभागावर. शंका आली तर मॉडेल फिरवून बाजूने बघा.

मोजून झाल्यावर उगाच आकडा टाइप करून एंटर मारू नका. पूर्ण मॉडेलचा आकार बदलायचा का, असं स्केचअप विचारतं आणि घाईत 'येस' दाबलं की सगळं घर लहानमोठं होतं. मात्र स्कॅन केलेला नकाशा खऱ्या मापात आणायला हीच सोय मी नेहमी वापरतो. नकाशा ग्रुपमध्ये (एकत्र बांधलेल्या भागांच्या गठ्ठ्यात) असेल तर ग्रुपच्या आत शिरून करा, म्हणजे बाकीचं मॉडेल हलत नाही.

कोनासाठी प्रोट्रॅक्टर, म्हणजे कोनमापक. तो हवेत डोलत राहतो, त्यामुळे नवखे वैतागतात. त्याला उभ्या पातळीत बांधायचं: शेडची लांबी लाल अक्षावर असेल तर कीबोर्डवरचा उजवा बाण दाबा, प्रोट्रॅक्टरची चकती लाल होते. मग तीन क्लिक: खालचा कोपरा, आडवी दिशा, उताराची कड. आपल्या शेडला साधारण 22.6 अंश येतील. वेल्डरला अंश सांगून उपयोग नाही, त्याला "बाराला पाच" सांगा. गंमत म्हणजे प्रोट्रॅक्टरलाही ती भाषा कळते. बॉक्समध्ये 5:12 लिहिलं की त्याच उताराची मार्गदर्शक रेघ मिळते.

क्षेत्रफळ सगळ्यात सोपं. छपराच्या पृष्ठभागावर क्लिक करा, निवडलेल्या भागाची माहिती देणाऱ्या एन्टिटी इन्फो चौकटीत 260 चौरस फूट दिसतील. दिसलं नाही तर ते छप्पर ग्रुपमध्ये आहे. डबल क्लिक करून आत जा. शिफ्ट धरून अनेक पृष्ठभाग निवडले तर बेरीज मिळते. पण छपराला जाडी दिली असेल आणि तुम्ही तिचे सगळेच पृष्ठभाग निवडले, तर वरची बाजू, खालची बाजू आणि कडा मिळून आकडा दुपटीच्याही पुढे जातो.

स्केचअपऐवजी ब्लेंडर हे दुसरं थ्रीडी सॉफ्टवेअर वापरत असाल तर डावीकडच्या पट्टीत मेझर आहे. कंट्रोल धरून ओढलं की टोकाला चिकटतो; तयार रेघ मधून पकडून ओढली की कोन दाखवतो. एडिट मोडमध्ये ओव्हरलेजमधून कडांची लांबी आणि पृष्ठभागांचं क्षेत्रफळ चालू करता येतं. वस्तू ऑब्जेक्ट मोडमध्ये ताणलेली असेल तर आधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय करा, नाहीतर आकड्यांवर भरवसा ठेवू नका.

टिन मागवताना मात्र 260 हा आकडा जसाच्या तसा दुकानदाराला देऊ नका. एका पत्र्यावर दुसरा चढतो, खाली भिंतीबाहेर थोडी पडळ लागते. ते वेगळं धरा. मामांकडच्या फूटभर फटीवर सध्या निवडणुकीचं जुनं फ्लेक्स बांधलंय. उमेदवार हात जोडून उभा आहे, आणि पाऊस आला की नेमका त्याच्याच कोपऱ्यातून गळतो.