पंप-टर्बाइनचं ट्रान्झियंट काढताय? पाइपच्या आधी रनर बघा

आमच्या फोंड्याच्या कुळागरात पंप चालू असताना लाईट गेली की विहिरीकडून धाडकन आवाज येतो, वर चढणारं पाणी थांबून मागे येतं आणि एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व) आपटतो. ट्रान्झियंट म्हणजे हेच, फक्त महाराष्ट्रातल्या घाटघरच्या पंप्ड स्टोरेज वीज प्रकल्पात एकेक मशीन १२५ मेगावॅटचं पंप-टर्बाइन आहे, म्हणजे तेच मशीन पाणी वर पंप करतं आणि खाली येणाऱ्या पाण्यावर वीजही बनवतं, तिथे नुसता आवाज होऊन भागत नाही.

हे गणित करणारी पोरं काय करतात, सॉफ्टवेअरमध्ये साधी फ्रान्सिस टर्बाइन (फक्त वीज बनवणारी) टाकतात, गाइड व्हेन (रनरकडे जाणारं पाणी कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या) बंद व्हायचा टाइम देतात आणि प्रेशर काढून मोकळी होतात. इथेच गंडतं. पंप-टर्बाइनला पंपाचंही काम करायचं असतं म्हणून तेवढ्याच हेडला (मीटरमध्ये मोजलेल्या पाण्याच्या दाबाला) रनर, म्हणजे आतलं फिरणारं ब्लेडचं चाक, फ्रान्सिसपेक्षा मोठ्या व्यासाचा लागतो. आता लोड अचानक गेलं की स्पीड वाढतो, आणि स्पीड वाढला की हाच मोठा रनर पाणी बाहेर फेकायला बघतो, म्हणजे गाइड व्हेन जागच्या हलल्या नाहीत तरी फ्लो धपकन पडतो. गोव्यातल्या खाजन शेतीत खाडीचं पाणी अडवणाऱ्या मानशीचं दार आठवा, भरती आली की ते कुणी हात न लावता आपसूक बंद होतं. तसा रनरच व्हॉल्व बनतो. पाइपात वेग एकदम १ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला तर हेड साधारण १०० मीटरने उसळतं, म्हणजे अंदाज घ्या.

म्हणून पहिलं काम, मॉडेल टेस्टचे चारही क्वाड्रंटचे (फ्लो आणि फिरणं, दोन्ही सरळ-उलट धरून) कर्व्ह मागवा. युनिट स्पीडवर युनिट फ्लो (दोन्ही १ मीटर व्यास, १ मीटर हेडला आणलेले) काढला की रनअवेजवळ, म्हणजे लोड नसताना मशीन मोकाट फिरतं त्या स्पीडजवळ, कर्व्ह इंग्रजी एस सारखा वळतो, एकाच स्पीडला तीन-तीन फ्लो. सरळ इंटरपोलेशन तिथे आपटतं, सूटर ट्रान्सफॉर्म (कर्व्ह कोनावर मांडून तीन-तीन उत्तरं टाळणारी पद्धत) वापरा. एस जितका उभा तितका त्रास जास्त, आणि हाय हेडचे लो स्पेसिफिक स्पीडवाले (हेडच्या मानाने कमी फ्लोचे) रनर यात सगळ्यात खोडकर. ब्लेडच्या कडेचा आकार बदलून एस थोडा सैल करता येतो, पण मग पंपिंगची एफिशियन्सी सांभाळायची डोकेदुखी येते, त्यामुळे डिझायनरशी हे बोलणं ऑर्डरच्या आधीच करायचं, नंतर काही उपयोग नाही.

मग वॉटर स्टार्टिंग टाइम काढा, म्हणजे तेवढ्या हेडने पाइपातलं पाणी शून्यापासून पूर्ण वेगाला यायला लागणारा वेळ. १००० मीटर पाइप, ५ मीटर प्रति सेकंद वेग, ४०० मीटर हेड, म्हणजे साधारण १.३ सेकंद. त्याच्यासमोर मशीनचं इनर्शिया ठेवा, ते जास्त असेल तर स्पीड सावकाश चढतो.

क्लोजिंग लॉ (गाइड व्हेन किती वेळात, कशा बंद करायच्या तो क्रम) एकच लावून सोडू नका. जास्त फास्ट बंद केलं तर रनर आधीच फ्लो तोडतोय त्यात तुम्ही भर घालता. दोन टप्प्यांचे, थोडं थांबून सुरू होणारे, असे दोन-तीन ट्राय करा.

स्टार्ट करताना मशीन ग्रिडशी सिंक्रोनाइझ होत नसेल (जुळत नसेल) तरी कारण बहुतेक तोच एस, चीनच्या तियानहुआंगपिंग पंप्ड स्टोरेज प्रकल्पाला त्यासाठी काही गाइड व्हेन बाकीच्यांच्या आधी उघडायची सोय केली होती.

आणि एका पेनस्टॉकवर (मशीनकडे पाणी नेणाऱ्या मोठ्या पाइपावर) दोन मशीनं असतील तर मॉडेलमध्ये दोन्ही एकदम ट्रिप करून (लोड तोडून) थांबू नका, एक आधी आणि दुसरं काही सेकंदांनी ट्रिप करून बघा, ड्राफ्ट ट्यूबमधलं (रनरखालच्या, पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपातलं) सगळ्यात कमी प्रेशर बऱ्याचदा तिथेच सापडतं.