गॅमाने गुणायचे की भागायचे?

0.6 प्रकाशवेगाने जाणाऱ्या निरीक्षकाने मोजल्यास 10 मीटरची पट्टी किती भरेल, या विशेष सापेक्षतेतील प्रश्नाला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मी 12.5 मीटर असे उत्तर लिहून आलो होतो. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर आणि तरीही उत्तर चूक. ते का, हे उमगायला मला पुढचे अख्खे सत्र लागले.

लॉरेंट्झ रूपांतरणात, म्हणजे एका निरीक्षकाची मोजमापे दुसऱ्याच्या मोजमापांत बदलणाऱ्या सूत्रांत, मी दोन टोकांची स्थाने घातली आणि दोन नोंदींतले वेळेचे अंतर शून्य धरले. गॅमा, म्हणजे वेगावरून ठरणारा गुणक, येथे 1.25, म्हणून 10 चे 12.5 झाले. घोळ त्या शून्यात होता, कारण ज्या एका क्षणी मी दोन्ही टोके टिपली तो क्षण पट्टीच्या चौकटीतला, म्हणजे पट्टी जिच्यात स्थिर असते त्या मोजमाप-व्यवस्थेतला, होता. निरीक्षकाच्या घड्याळांनुसार त्या दोन नोंदींत 25 नॅनोसेकंदांचा फरक पडतो आणि तेवढ्या वेळात पट्टी त्याच्या चौकटीत 4.5 मीटर सरकते. 12.5 मधून 4.5 वजा केल्यावर 8 मीटर उरतात आणि 10 ला 1.25 ने भागूनही तेच येतात. स्थिर पट्टीची टोके सवडीने टिपली तरी चालते. हलत्या पट्टीची मात्र मोजणाऱ्याच्याच घड्याळाने एका क्षणी टिपावी लागतात. घड्याळाच्या बाबतीत उलट आहे: त्याचे दोन ठोके त्याच्या स्वतःच्या चौकटीत एकाच जागी पडतात, म्हणून तेथे जागेतले अंतर शून्य आणि गॅमाने गुणाकार.

‘हलते घड्याळ मंद, हलती पट्टी आखूड’ हे क्लासमधले पाठांतर चार गुण मिळवून देते आणि जुळ्यांच्या कोड्यापाशी (वेगाने दूर जाऊन परतलेला जुळा भाऊ घरी राहिलेल्यापेक्षा तरुण का, या प्रश्नापाशी) दगा देते. शंका विचारल्यावर ‘आधी सूत्र पाठ कर’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाकडे मी तरी पुन्हा गेलो नाही. गणिताची धास्ती मात्र बाळगू नका. ते बारावीच्या पलीकडचे नाही.

मला खरा धीर दिला तो म्युऑनने, म्हणजे वातावरणात वरून जवळजवळ प्रकाशवेगाने येणाऱ्या अल्पायुषी कणाने. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे 1,900 मीटर उंचीवर, तासाला सुमारे 560 म्युऑन नोंदले गेले आणि समुद्रसपाटीला 400 हून अधिक. हा प्रयोग 1963 मध्ये प्रसिद्ध झाला. म्युऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद आणि उतरायला लागतात सहाहून अधिक, म्हणजे कालविस्तार (हलत्या घड्याळाचे मंदावणे) नसता तर तिसाच्या आतच खाली पोहोचले असते. म्युऑनच्या चौकटीत त्याचे आयुष्य तेवढेच राहते. तेथे डोंगरच आकसून जेमतेम सव्वादोनशे मीटरांचा होतो.

आता मी गणिताला हात घालण्यापूर्वी दोन घटना आणि प्रत्येकीची चौकट कागदावर लिहून काढतो. गॅमाचा विचार त्यानंतर.