आयकॉन लेझी लोड करताना बंडलर अडतो तेव्हा

आयकॉन लेझी लोड करताना (म्हणजे लागेल तेव्हाच त्याची फाइल मागवताना) बंडलरची, म्हणजे कोडच्या अनेक फाइल्स एकत्र बांधणाऱ्या टूलची, एरर आली, तर ती कितीही लांबलचक असू द्या, आधी एवढंच बघा की ती कुणाच्या बिल्डमध्ये आली आहे. कॉम्पोनंट लायब्ररीचा (बटण, आयकॉन असे तयार तुकडे देणाऱ्या पॅकेजचा) कोड दोनदा बंडल होतो. एकदा पब्लिश करण्याआधी आपल्याकडे, आणि पुन्हा एकदा ती वापरणाऱ्याच्या ॲपमध्ये, त्याच्या बंडलरने, त्याच्या सेटिंगने. मी सांभाळते त्या लायब्ररीत चारशेच्या आसपास आयकॉन आहेत. त्यांच्या पायी माझे जे दिवस गेले, त्यातले बहुतेक चुकीच्या बिल्डमध्ये चूक शोधण्यात गेले.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: लेझी लोडिंग खरंच हवं आहे का? बटणावर कोणता आयकॉन येणार हे कोड लिहितानाच माहीत असेल, तर तो सरळ वरती इम्पोर्ट करा. न वापरलेले आयकॉन ट्री-शेकिंगमध्ये, म्हणजे बंडलरच्या छाटणीत, गळून पडतात, फक्त पॅकेज.जेसनमध्ये (पॅकेजच्या माहितीच्या फाइलमध्ये) साइडइफेक्ट्सला फॉल्स (फाइल नुसती इम्पोर्ट केल्याने दुसरं काही घडत नाही, अशी खूण) द्यायला विसरू नका, आणि सीएसएस फाइल्स असतील तर त्या अपवादात टाका. नाव सर्व्हरकडून येत असेल, मेनू डेटाबेसमधून तयार होत असेल, तेव्हाच लेझीचा उपयोग.

आमची सुरुवातीची पद्धत बहुतेक सगळे लिहितात तीच होती. आयकॉन कॉम्पोनंटला नावाचा प्रॉप (बाहेरून दिलेली माहिती) द्यायचा, आत ते नाव जोडून पाथ बनवायचा आणि तो डायनॅमिक इम्पोर्टला (कोड चालताना फाइल मागवणाऱ्या इम्पोर्टला) द्यायचा. वाचायला छान, पण बंडलर आपला कोड चालवत नाही, नुसता वाचतो. प्रॉपमध्ये काय येणार हे त्याला बिल्डच्या वेळी कळायला मार्ग नाही.

अख्खा पाथ व्हेरिएबलमध्ये असेल तर वेबपॅक हा बंडलर ‘क्रिटिकल डिपेन्डन्सी’ अशी वॉर्निंग देऊन पुढे जातो. बिल्ड हिरवा दिसतो आणि ब्राउझरमध्ये ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ येतं. ही वॉर्निंग कधीही सोडून देऊ नका. पाथचा पुढचा भाग लिहिलेला असेल तर वेबपॅक त्या फोल्डरमधल्या जुळणाऱ्या सगळ्या फाइल्स उचलतो, आणि सगळ्या म्हणजे खरोखर सगळ्या. आमच्याकडे एकदा ‘या प्रकारच्या फाइलसाठी योग्य लोडर लागेल’ अशी एरर आली. मी अर्धा दिवस एसव्हीजीचे (आयकॉनच्या चित्रफाइलींचे) लोडर, म्हणजे तो फाइलप्रकार वेबपॅकला वाचून देणारे प्लगइन, तपासत बसले. शेवटी एररच्या खाली छापलेल्या ओळी नीट वाचल्या, तर त्या आयकॉनच्या नव्हत्याच. फोल्डरमध्ये कुणीतरी ठेवलेल्या रीडमी फाइलच्या होत्या. पाथच्या शेवटी एक्स्टेन्शन लिहिलं नव्हतं, म्हणून तीही यादीत गेली. टेस्टच्या आणि स्टोरीच्या (कॉम्पोनंटचे नमुने दाखवणाऱ्या) फाइल्स अशाच घुसतात, आणि एरर न देता चंक (वेगळी लोड होणारी बंडलची फाइल) बनून बसतात.

रोलअप आणि व्हीट या दुसऱ्या दोन बिल्ड टूलचे नियम जास्त कडक आहेत. पाथ ./ किंवा ../ ने सुरू झाला पाहिजे, शेवटी एक्स्टेन्शन पाहिजे, आणि एक व्हेरिएबल फोल्डरची एकच पातळी भरतं. नावात तिरकी रेघ घालून ‘बाण/खाली’ असं काही पाठवलंत तर ते सापडणार नाही.

यावर मला पटलेला उपाय एकच. पाथ जोडायचाच नाही. एक छोटी स्क्रिप्ट लिहा: आयकॉनचं फोल्डर वाचायचं आणि एक मॅप फाइल तयार करायची. प्रत्येक आयकॉनची एक ओळ. डावीकडे नाव, उजवीकडे एक फंक्शन, आणि त्या फंक्शनमध्ये पूर्ण लिहिलेला पाथ असलेला इम्पोर्ट. चारशे आयकॉन, चारशे ओळी. दिसायला ओबडधोबड आहे, पण कोणताही बंडलर ती फाइल वाचू शकतो, मग तो आपला असो की वापरणाऱ्याचा. शिवाय मॅपच्या कीजवरून (डावीकडच्या नावांवरून) टाइपस्क्रिप्टला, म्हणजे टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टला, नावांचा टाइप मिळतो आणि चुकीचं नाव एडिटरमध्येच लाल होतं.

मॅप झाला की रिॲक्टची, म्हणजे आमचे कॉम्पोनंट ज्यात लिहिले आहेत त्या लायब्ररीची, बाजू. रिॲक्ट.लेझीला डिफॉल्ट एक्स्पोर्टच (फाइलचा मुख्य एक्स्पोर्टच) लागतो. तुमचे आयकॉन नेम्ड एक्स्पोर्ट असतील तर ‘लेझी एलिमेंट टाइप’ची एरर येईल आणि ती बंडलरची वाटेल, प्रत्यक्षात इम्पोर्टच्या प्रॉमिसमधून (नंतर मिळणाऱ्या उत्तरातून) आलेल्या ऑब्जेक्टमध्ये डिफॉल्ट नसतो, एवढंच. आणि रिॲक्ट.लेझी हे फंक्शन कॉम्पोनंटच्या आत बोलावू नका. प्रत्येक रेंडरला नवा प्रकार तयार होतो, जुना आयकॉन काढून नवा बसवला जातो आणि फॉलबॅक (आयकॉन येईपर्यंत दिसणारा पर्याय) लुकलुकतो. नावागणिक एकदाच लेझी करून कॉम्पोनंटबाहेर साठवून ठेवा.

आता आपला बिल्ड. रोलअप ‘आउटपुट.फाइल’ऐवजी ‘आउटपुट.डीआयआर’ मागत असेल तर ते बरोबरच आहे; चंक अनेक आहेत, एका फाइलमध्ये कसे मावतील? यूएमडी या जुन्या मॉड्यूल फॉरमॅटला कोड-स्प्लिटिंग (कोडचे चंक पाडणं) जमत नाही. इनलाइन-डायनॅमिक-इम्पोर्ट्स चालू केलं की एरर जाते, पण सगळे आयकॉन एका फाइलमध्ये येतात आणि लेझीचा हेतूच संपतो. ईएस मॉड्यूल (इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा आजचा फॉरमॅट) द्या. टाइपस्क्रिप्टचं मॉड्यूल सेटिंग कॉमनजेएस (रिक्वायर वापरणारा जुना फॉरमॅट) असेल तर डायनॅमिक इम्पोर्टचा आतल्या आत रिक्वायर होतो: एरर नाही आणि वेगळा चंकही नाही. ते ईएसनेक्स्ट करा.

‘विल नॉट मूव्ह मॉड्यूल इन्टू अनदर चंक’ ही वॉर्निंग दिसली तर तोच आयकॉन कुठेतरी सरळही इम्पोर्ट होतोय. बहुतेक वेळा सगळं पुन्हा एक्स्पोर्ट करणारी इंडेक्स फाइल यामागे असते. मॅपमधले पाथ थेट आयकॉनच्या फाइलकडे जाऊ द्या, आणि लायब्ररीच्या इतर कॉम्पोनंटमध्ये इंडेक्समधून आयकॉन घेऊ नका.

वापरणाऱ्याकडे ‘सबपाथ इज नॉट डिफाइन्ड बाय एक्स्पोर्ट्स’ आलं तर दोष आपल्या पॅकेज.जेसनचा. एक्स्पोर्ट्स लिहिलं की बाकीचे सगळे रस्ते बंद होतात. आयकॉनच्या फोल्डरसाठी ताऱ्याचा (*) पॅटर्न वेगळा द्यावा लागतो.

माझ्या मशीनवर चालतं, सर्व्हरवर फुटतं, असं असेल तर अक्षरं बघा. मी एका फाइलच्या नावातला पहिला ‘ए’ लहानाचा मोठा केला. मॅकला दोन्ही नावं एकच, आणि गिटने बदल नोंदवलाच नाही. मॅपमध्ये नवं नाव, रेपोत जुनं. लिनक्सवर बिल्ड कोसळला. गिट एमव्हीने आधी तात्पुरतं नाव आणि मग खरं नाव दिलं, तेव्हा सुटलं.

पब्लिशआधीची तपासणी एनपीएम लिंकने (लायब्ररीचं फोल्डर ॲपला थेट जोडून) करू नका. पॅकेजमध्ये न गेलेल्या फाइल्सही तिथे सापडतात. एनपीएम पॅक करा, ती गाठोड्याची फाइल दोन कोऱ्या ॲपमध्ये बसवा, एक वेबपॅकचं, एक व्हीटचं. दोन्हींचा प्रॉडक्शन बिल्ड काढा, नेटवर्क टॅब उघडा आणि तीन आयकॉन दाखवा. आयकॉनच्या तीनच फाइल्स यायला हव्यात.