जुना गेम नव्या कॉम्प्युटरवर: आधी तो कुठे अडतोय ते बघा

जुना गेम चालला नाही की बहुतेक जण लगेच ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ (गेमला जुनं विंडोज असल्याचं भासवणारी सेटिंग) बदलत बसतात. मी आधी एवढंच बघतो की गेम अडतोय कुठे: इन्स्टॉल होताना, सुरू होताना की खेळताना.

सेटअपच (गेम इन्स्टॉल करणारा प्रोग्रॅम) उघडत नसेल तर तो बहुधा १६-बिटचा, म्हणजे फार जुन्या पद्धतीचा असतो. नव्वदच्या दशकातल्या कित्येक सीडींवर गेम ३२-बिटचा आणि सेटअप मात्र १६-बिटचा, अशी जोडी सापडते. ६४-बिट विंडोज १६-बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि ते चालवू शकणारी ३२-बिट आवृत्ती विंडोज ११ ची तर नाहीच. इथे मोड बदलून काही होत नाही. ओटीव्हीडीएम हे १६-बिटचे प्रोग्रॅम चालवणारं मोफत साधन घेऊन सेटअप चालवा. विंडोजच्या आधीच्या डॉस सिस्टिमचा गेम असेल तर सरळ डॉसबॉक्स, म्हणजे नव्या कॉम्प्युटरवर डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम.

इन्स्टॉल करताना ‘प्रोग्रॅम फाइल्स’ टाळा, सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा. जुने गेम सेव्ह (खेळ कुठवर आला त्याची नोंद) स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवू पाहतात. विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायची मुभा नाही, म्हणून विंडोज त्या फाइल्स गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवतं. सेव्ह गायब झाली म्हणून गेम उडवण्याआधी ॲपडेटाच्या ‘लोकल’ फोल्डरमध्ये शोधा.

‘डी३डीएक्स९_४३.डीएलएल’ सापडत नाही असा मेसेज आला तर ती सुटी फाइल भलत्या साइटवरून उतरवू नका, कळकळीने सांगतो. तिच्यासोबत काय येईल याचा नेम नसतो. मायक्रोसॉफ्टचं जून २०१० चं डायरेक्टएक्स (गेमची चित्रं आणि आवाज हाताळणारा विंडोजचा भाग) पॅकेज टाका. डायरेक्टएक्स १२ असलं तरी या जुन्या फाइल्स विंडोजसोबत येत नाहीत.

मूळ सीडी घालूनही गेम सीडी मागत राहिला तर संशय सेफडिस्क या सीडीची नक्कल रोखणाऱ्या जुन्या संरक्षणावर घ्या. त्याचा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये चालत नाही. अशा गेमची डिजिटल आवृत्ती मिळाली तर तीच घ्यावी.

वेगाची गडबड सगळ्यात फसवी. माझ्या एका रेसिंग गेममध्ये गाडी जराशा वळणावर भिरभिरायची. दोन दिवस मी कीबोर्डला दोष देत होतो. त्या गेमचं गणित दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला होत होतं, आणि माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा होता; म्हणून ते गणित गरजेपेक्षा जास्त वेळा होत होतं. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त त्या गेमपुरती सेकंदाला ६० फ्रेम्सची मर्यादा घातली, आणि पहिल्याच फेरीत गाडी सरळ वळली.