उंच आणि सावकाश मुलासाठी निकोला योकिचची कारकीर्द कशी अभ्यासावी

बास्केटबॉलच्या जवळजवळ प्रत्येक तुकडीत एक मुलगा असा असतो, जो सर्वांत उंच असतो, पण धावण्यात मागे पडतो आणि उडीही फारशी घेत नाही. त्याला रिंगखाली उभे करून "चेंडू हातात आला की वर टाक" एवढेच सांगितले जाते. ठाण्यातील शाळांची मैदाने असोत किंवा वाशी, नेरूळ, खारघरच्या गृहसंकुलांमधील सिमेंटची कोर्ट असोत, हे दृश्य फारसे बदलत नाही. सर्बियाच्या उंच आणि सावकाश निकोला योकिचची कारकीर्द अशा मुलाने, त्याच्या पालकांनी आणि प्रशिक्षकांनी बारकाईने अभ्यासावी, असे मला मनापासून वाटते. तो अभ्यास कसा करावा, हे येथे मांडले आहे.

पहिली सूचना अशी की, सुरुवात त्याच्या मानसन्मानांपासून करू नये. २०२०-२१, २०२१-२२ आणि २०२३-२४ या तीन हंगामांत तो एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला, २०२३ मध्ये त्याच्या डेन्व्हर नगेट्स या संघाने मायामी हीटला ४-१ असे हरवून आपले पहिले विजेतेपद मिळवले आणि त्या अंतिम मालिकेचा मानकरीही तोच होता, हे सारे खरे आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाला यातून शिकण्यासारखे फारसे हाती लागत नाही. त्याच्या उपयोगाची वर्षे २०१२ ते २०१६ ही आहेत, म्हणून वहीचे पहिले पान त्या वर्षांसाठी ठेवावे.

त्या पानावर पुढील गोष्टी क्रमाने लिहाव्यात. योकिचचा जन्म १९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्बियाच्या उत्तरेकडील सोंबोर या गावात झाला. दोन मोठे भाऊ आधीपासून बास्केटबॉल खेळत असल्याने खेळ घरातच होता. कनिष्ठ गटातील त्याचे आकडे वर्तमानपत्रात पाहून मिश्को राझ्नातोविच या खेळाडू-प्रतिनिधीचे लक्ष त्याच्याकडे गेले आणि २०१२ मध्ये तो बेलग्रेडच्या मेगा क्लबमध्ये दाखल झाला. तेथील प्रशिक्षक देयान मिलोयेविच स्वतः रिंगजवळ खेळलेले, पण त्या जागेच्या मानाने कमी उंचीचे खेळाडू होते, त्यामुळे उडीपेक्षा पायांची ठेवण आणि हातांची सफाई यांचे मोल त्यांना अनुभवाने ठाऊक होते. (पुढे ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे सहायक प्रशिक्षक झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.) एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या २०१४ च्या निवडप्रक्रियेत (ड्राफ्ट) डेन्व्हरने योकिचला दुसऱ्या फेरीत, ४१ व्या क्रमांकावर घेतले. त्याचे नाव जाहीर झाले तेव्हा अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती आणि तो स्वतः सर्बियात झोपलेला होता. त्याच रात्री डेन्व्हरच्या वाट्याला युसुफ नुर्किच हा दुसरा सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) १६ व्या क्रमांकावर आला होता. म्हणजे संघाची पहिली आशा योकिचवर नव्हती.

यानंतरचा निर्णय पालकांनी अधोरेखित करावा. निवड झाल्यावर योकिच लगेच अमेरिकेला गेला नाही. तो आणखी एक हंगाम मेगाकडूनच खेळला आणि २०१४-१५ मध्ये एड्रियाटिक लीग या त्या भागातील देशांच्या क्लबांच्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मेगा हा तरुण खेळाडूंना भरपूर वेळ मैदानात ठेवणारा क्लब म्हणून ओळखला जातो. मोठ्या नावाच्या संघात बाकावर बसण्याऐवजी त्याला रोजच्या सामन्यांत चुका करण्याची आणि त्या सुधारण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे क्लबांची अशी साखळी नाही. येथे मुलाचा प्रवास बहुधा शाळा, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा आणि मग महाविद्यालय असा होतो. तरीही निवड करण्याची वेळ येते. ठाण्यातून नवी मुंबईतील एखाद्या नामांकित प्रशिक्षणवर्गात मुलाला घालायचे की घराजवळच्या साध्या संघात ठेवायचे, असा प्रश्न पडला, तर पालकांनी एकच गोष्ट विचारावी: येथे माझा मुलगा सामन्यात किती मिनिटे खेळेल? मैदानाचा रंग, गणवेश आणि भिंतीवरील ढाली यांचा विचार त्यानंतर करावा.

आकडे कसे वाचावेत

बहुतेक मुले गुणांचा रकाना पाहून थांबतात. योकिचच्या बाबतीत असिस्टचा रकाना आधी पाहावा, म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच बास्केट केले असे पास. एनबीएतील पहिल्या हंगामात, २०१५-१६ मध्ये, त्याची सरासरी होती १० गुण, ७ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) आणि २.४ असिस्ट. दुसऱ्या हंगामात असिस्ट ४.९ झाले, तिसऱ्यात ६.१, २०२२-२३ मध्ये ९.८ आणि २०२४-२५ मध्ये १०.२. त्या हंगामात २९.६ गुण आणि १२.७ रिबाउंडसह त्याने संपूर्ण हंगामाची सरासरी तिन्ही रकान्यांत दुहेरी आकड्यांत नेली (ट्रिपल-डबल). सेंटरच्या जागी खेळणाऱ्या कोणालाही त्याआधी हे जमले नव्हते.

मात्र हे आकडे जसेच्या तसे शेजारी मांडले तर फसगत होते, म्हणून मुलांकडून थोडे गणित करून घ्यावे. पहिल्या हंगामात योकिच सामन्याला सरासरी २१.७ मिनिटे खेळत होता, दुसऱ्यात २७.९ मिनिटे. ३६ मिनिटांमागचा हिशेब करण्यासाठी २.४ ला २१.७ ने भागून ३६ ने गुणले की जवळजवळ ४ येतात, ४.९ ला २७.९ ने भागून ३६ ने गुणले की ६.३ येतात. वरवर पाहता असिस्ट दुप्पट झालेले दिसतात, पण समान वेळेचा हिशेब केला तर वाढ सुमारे दीडपट आहे आणि उरलेला फरक मैदानावर जास्त वेळ मिळाल्याचा आहे. सातवी-आठवीच्या मुलाला हा हिशेब सहज जमतो आणि तो एकदा जमला की स्वतःच्या संघातील राखीव खेळाडूकडेही तो अधिक न्यायाने पाहू लागतो.

दुसऱ्या हंगामातील वाढीमागे आणखी एक कारण आहे. त्या हंगामाच्या सुरुवातीला प्रशिक्षक मायकल मलोन यांनी योकिच आणि नुर्किच या दोघांना एकत्र खेळवून पाहिले, पण रिंगजवळच्या जागेत दोघांची गर्दी होऊ लागली. योकिच काही काळ राखीव म्हणून खेळला. १५ डिसेंबर २०१६ पासून तो कायमचा पहिल्या पाचांत आला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये नुर्किच दुसऱ्या संघात गेला. प्रशिक्षकांनी येथे थोडे थांबावे. आपल्या संघात दोन उंच मुले असतील, तर दोघांनाही रिंगखाली उभे करणे हा सोपा पण चुकीचा मार्ग आहे. त्यांपैकी ज्याची नजर चांगली आहे, त्याला फ्री-थ्रो रेषेच्या (रिंगसमोरची दंडफेकीची रेषा) टोकाशी आणावे.

राष्ट्रीय संघाचे आकडे वेगळ्या पानावर लिहावेत, कारण ते वेगळ्या नियमांखालचे आहेत. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा असतो, फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा) ४० मिनिटांचा. तीन गुणांची रेषा एनबीएत समोरून ७.२४ मीटरवर असते, फिबात ६.७५ मीटरवर, आणि बचावपटूने रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त विनाकारण उभे राहू नये, हा एनबीएचा नियम फिबात नाही. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांत रिंगजवळ नेहमी जास्त गर्दी असते. आपल्या शालेय आणि जिल्हा स्पर्धा फिबाच्याच नियमांना धरून चालतात, म्हणून सर्बियाकडून खेळणारा योकिच आपल्या मुलांना अधिक जवळचा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सर्बियाला रौप्यपदक मिळाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत सर्बिया अमेरिकेकडून ९५-९१ असा हरला आणि पुढे जर्मनीला नमवून त्याने कांस्यपदक घेतले. पॅरिसमधील तो उपांत्य सामना पूर्ण पाहावा. हरलेल्या सामन्यातही एखादा सेंटर संघाचा खेळ कसा चालवतो, हे त्यात नीट दिसते.

सामना कसा पाहावा

डेन्व्हरमध्ये संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लागतो. मार्चच्या मध्याजवळ तेथील घड्याळे पुढे सरकली की साडेसहाला. शाळेच्या दिवशी हे जमत नाही आणि जमवूही नये. रविवारची सकाळ किंवा नंतर उपलब्ध होणारे पूर्ण चित्रण पुरेसे आहे. निवडक क्षणांच्या चित्रफितींवर मात्र भर देऊ नये, कारण त्यांत पास दिसतो, पण पासआधीचे दहा सेकंद दिसत नाहीत, आणि योकिचचे सारे शिक्षण त्या दहा सेकंदांत असते.

एका बैठकीला एकच क्वार्टर पाहावा, म्हणजे खेळाची बारा मिनिटे. त्या वेळात मुलाने चेंडूचा पाठलाग न करता फक्त योकिचकडे पाहावे. चेंडू हातात येण्याआधी तो कोणाकडे पाहतो? चेंडू घेताना त्याचे कोणते पाऊल जमिनीवर टेकलेले असते? चेंडू घेतल्यावर तो हात खाली नेतो की डोक्याच्या उंचीवरच ठेवतो? त्याच्याजवळून जमाल मरे किंवा दुसरा सहकारी रिंगकडे पळाला, तेव्हा बचावपटू कोणाच्या मागे गेला? ही उत्तरे वहीत लिहावीत. त्याच्या चुकाही लिहाव्यात. २०२४-२५ मध्ये तो प्रत्येक सामन्यात सरासरी तीनपेक्षा अधिक वेळा चेंडू गमावत होता. धाडसी पास देणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते आणि प्रशिक्षकाने पहिल्याच चुकीला मुलाला बाहेर बसवले, तर तो पुन्हा कधी तसा पास देणार नाही.

सरावात काय उतरवावे

गृहसंकुलांमध्ये बहुधा एकच रिंग आणि अर्धेच मैदान असते. या सरावाला तेवढे पुरते. पहिला सराव भिंतीशी करावा: तीन-चार मीटरवरून छातीजवळून, डोक्यावरून आणि मग एकेका हाताने पास द्यावा आणि परत आलेला चेंडू हनुवटीच्या खाली जाऊ देऊ नये. उंच मुलाने चेंडू कमरेपाशी आणला की त्याची सारी उंची वाया जाते, कारण बुटका बचावपटू तो तेथूनच काढून घेतो. दुसरा सराव म्हणजे मायकन ड्रिल: रिंगखाली उभे राहून एकदा उजव्या बाजूने उजव्या हाताने आणि एकदा डाव्या बाजूने डाव्या हाताने, बोर्डाचा आधार घेत, चेंडू खाली न पडू देता टाकत राहावे. योकिचची रिंगजवळची मृदू बोटे याच जातीच्या कामातून घडतात. चेंडू वयाप्रमाणे घ्यावा; बारा वर्षांखालील मुलांसाठी पाच क्रमांकाचा, मुलींसाठी पुढे सहा क्रमांकाचा. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती सात क्रमांकाचा चेंडू दिला की तो खांद्याने ढकलायला शिकतो आणि ती सवय मोडायला फार काळ लागतो.

तिसरा सराव तिघांचा आहे आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. उंच मुलाला फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी, रिंगकडे पाठ करून उभे करावे. एकाने त्याला पास देऊन त्याच्या जवळून रिंगकडे पळावे, दुसऱ्याने उलट बाजूच्या कोपऱ्यात थांबावे. उंच मुलाने एक पाऊल रोवून वळावे, पळणाऱ्याला चेंडू हातात द्यावा किंवा न देता कोपऱ्यात पास करावा, आणि दोन्ही वाटा बंद असतील तरच स्वतः रिंगकडे जावे. आधी बचावपटूशिवाय, मग एका बचावपटूसह हे करावे. पुढे याच तिघांनी तीन विरुद्ध तीनचे सामने खेळावेत. सर्बियाने या प्रकारात अनेक जगज्जेतेपदे मिळवली आहेत आणि दहा मिनिटे किंवा २१ गुणांचा तो खेळ अर्ध्या मैदानावरच होतो.

सामन्याच्या दिवशी पालकांसाठी एक काम आहे. आपल्या स्थानिक स्पर्धांच्या स्कोअरशीटवर गुण आणि फाउल असतात, असिस्ट नसतात. म्हणून गॅलरीत बसून पालकांनी मुलाचे चांगले पास वहीत नोंदवावेत, त्यातून बास्केट झाले असो वा हुकले असो. सहकाऱ्याने सोपा लेअप चुकवला, तर त्यात पास देणाऱ्याचा दोष नसतो. घरी आल्यावर "किती पॉइंट केलेस?" याआधी त्या पानावर बोलावे.

शरीराबाबत घाई करू नये. योकिचने तरुणपणी आपण दिवसाला तीन लिटरपर्यंत कोका-कोला पीत असल्याचे सांगितले आहे आणि अमेरिकेला जाताना त्याने ती सवय सोडली. त्याची ताकद आणि दमसास नंतरच्या वर्षांत, शिस्तीने वाढले. झपाट्याने उंची वाढणाऱ्या मुलाचा गुडघ्याखालचा भाग दुखू लागला, तर त्याला आळशी न म्हणता खेळ कमी करावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सिमेंटवर रोज उड्या मारून ते दुखणे वाढते. ठाणे-नवी मुंबईच्या एप्रिल-मेमधील दमट उकाड्यात सराव सकाळी आठच्या आत संपवावा.

जून ते सप्टेंबर उघडी मैदाने निसरडी असतात. एनबीएचा हंगामही जूनमध्ये संपून ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि योकिच त्या काळात सोंबोरला परतून आपल्या घोड्यांमध्ये रमतो. आपल्या मुलांनीही या महिन्यांत भिंतीचा सराव इमारतीच्या वाहनतळाच्या मोकळ्या कोपऱ्यात, शेजाऱ्यांच्या विश्रांतीच्या वेळा सांभाळून करावा, आठवड्याला एक जुना सामना पाहावा आणि ऑक्टोबरच्या आधी वहीत पुढील हंगामासाठी कोरे पान आखून ठेवावे: मिनिटे, पास, असिस्ट, गमावलेले चेंडू आणि सर्वांत शेवटी गुण.