निघोजला फील्ड ट्रिप नेताय? मुलांच्या हातात टेप द्या

14 जानेवारीचा भूगोल दिन झाला की डिपार्टमेंटमधे ट्रिपचा विषय निघतोच. मग बस, भेंड्या, फोटो, आणि आल्यावर मागच्या बॅचचा रिपोर्ट उतरवून काढायचा, हे आम्ही पण केलंय. मुलांना बोलून उपयोग नाही, आपण त्यांना तिथं मोजायला काही दिलेलंच नसतं.

निघोजचे रांजणखळगे यासाठी फार चांगले. पारनेर आणि शिरूर तालुक्यांच्या मधून कुकडी नदी वाहते तिथं, बेसाल्टमधे पाण्याच्या भोवऱ्यात दगडगोटे फिरून फिरून खडकाला रांजणासारखे खड्डे पडलेत. पुस्तकातलं अपक्षरण, म्हणजे खडकाची झीज, मुलांना इथं हाताला लागतं.

एका सरांनी किंवा मॅडमनी आठवडाभर आधी जाऊन यायचंच. वरच्या धरणातून पाणी सोडणार आहेत का ते जलसंपदाच्या ऑफिसात विचारा, ग्रामपंचायतीला पत्र द्या, आणि मुलींसाठी टॉयलेटची सोय कुठंय ते बघून ठेवा, आम्ही एकदा हे बघितलं नव्हतं तर मुली दिवसभर पाणीच प्यायल्या नाहीत, अजून वाईट वाटतं.

टोपोशीट (त्या भागाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा) आदल्या दिवशी वर्गातच वाचून घ्या. 1:50,000 म्हणजे नकाशावरचा 1 सेंटीमीटर जमिनीवर 500 मीटर, हे तिथं उन्हात शिकवत बसू नका.

तिथं गेल्यावर पाच-पाच जणांचे ग्रुप करा. एक टेप धरणारा, एक वाचणारा, एक लिहिणारा (पेन्सिलनीच, पेनाची शाई ओली झाली की संपलं), एक होकायंत्रवाला, आणि एक फक्त सगळ्यांच्या पायाकडे लक्ष ठेवणारा. कडेचे कोरडे खळगेच घ्यायचे. तोंडाची लांबी, रुंदी, दोरीला वजन बांधून खोली, लांब बाजूची दिशा, आणि तळाशी गोटे आहेत का. वीसेक खळगे झाले की मुलं आपणहून विचारायला लागतात, सर याची खोली जास्त का. तो प्रश्न आला की लगेच उत्तर देऊ नका प्लीज, त्यांना भांडू दे जरा.

पाण्याचा विसर्ग (सेकंदाला किती पाणी वाहतं ते) मोजायचाय तर रांजणखळग्यांजवळ अजिबात नको, पाय घसरला तर बाहेर येणं अवघड आहे. त्यासाठी गुडघ्याच्या खाली पाणी असलेला एखादा सरळ ओढा बघा. 10 मीटर अंतर आखा आणि संत्रं सोडा, ते बरंचसं पाण्यात बुडून वाहतं म्हणून वाऱ्यानी फारसं ढकललं जात नाही. पाच वेळा वेळ लावून सरासरी काढा. समजा 25 सेकंद आले, म्हणजे वेग सेकंदाला 0.4 मीटर. ओढा 4 मीटर रुंद, सरासरी खोली 25 सेंटीमीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ 1 चौरस मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून 0.85 नी गुणायचं, आले 0.34 घनमीटर, म्हणजे सेकंदाला 340 लिटर. हा आकडा स्वतः काढल्यावर मुलांचे चेहरे बघा एकदा!

रिपोर्ट दोन आठवड्यात लिहून घ्या, आणि त्याची एक कॉपी सोप्या मराठीत करून ग्रामपंचायतीला पोचवा, शक्यतो मुलांनाच घेऊन जा द्यायला.